अबोला धरलेल्या देशांमध्ये माणसं गटानं का जातात?

एप्रिल २०१५ मध्ये पंजाबातल्या घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. संत नामदेव उत्तरायुष्यात जिथे राहिले ते हे गाव. महाराष्ट्रातून खास रेल्वेगाड्या सुटल्या होत्या, त्यातल्या एकीत मी आणि माझी परभणीची मावशी होतो. संमेलन आटोपल्यावर आमच्या डब्यातल्या दहा-बारा जणांनी एक गाडी ठरवली आणि त्याच गुरदासपूर जिल्ह्यातल्या डेरा बाबा नानकला गेलो. तिथे सीमेवरच्या कुंपणाला लागून एक उंच चौथरा होता आणि त्यावर दुर्बीण. रांगेत उभं राहायचं, पाळी आली की दुर्बिणीला डोळा लावायचा आणि पाकिस्तानातल्या करतारपूरच्या गुरुद्वाऱ्याचा पांढरा घुमट बघायचा. गुरू नानकांनी आयुष्याची शेवटची सुमारे १८ वर्षं जिथे शेती केली, ती ही जागा. अंतर पाच किलोमीटरही नाही. मध्ये कापणीला आलेला गहू आणि रावी.

गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. म्हणजे त्या घुमटाखाली रोज जो ग्रंथ उघडला जातो, त्यात आपल्या नामदेवांचा शब्द आहे. मावशी पंढरीची वारी करणारी. तिनं दुर्बिणीतून बघितलं, हात जोडले आणि बाजूला होत म्हणाली, "चला, कळसदर्शन झालं." मग थोडं थांबून, "आत कधी सोडतात गं?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. ज्या दोन देशांचं एकमेकांशी पटत नाही, त्यांची माणसं एकमेकांकडे कशी जातात? बहुतेक वेळा गटानंच का जातात? आणि जाऊन आल्यावर खरंच काही फरक पडतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि मला सगळ्यात जवळचाही.

आधी व्हिसाचं समजून घेऊ, कारण गटाचं मूळ तिथे आहे.

आपण थायलंडला किंवा फ्रान्सला जातो तेव्हा व्हिसा देशाचा मिळतो. एकदा आत गेलं की कुठेही फिरा. भारत-पाकिस्तानचं तसं नाही. तिथे व्हिसा शहरांचा असतो. लाहोर लिहिलं असेल तर लाहोर. शेजारच्या गावात चुलतभाऊ राहत असला तरी यादीत नाव नसेल तर जायचं नाही. पूर्वी तीन ठिकाणं मिळायची, २०१२ च्या व्हिसा करारात ती पाच झाली. पोहोचल्यावर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची. त्यातून ६५ वर्षांवरच्यांना, १२ वर्षांखालच्या मुलांना आणि काही व्यावसायिकांना सूट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नातेवाईक-मित्रांना भेटणारा, व्यापारी, पत्रकार, यात्रेकरू असे प्रकार करारात आहेत, पण 'मला तुमचा देश बघायचाय' म्हणणाऱ्या एकट्या पर्यटकासाठी व्हिसाचा प्रकारच नाही. कुणी ओळखीचं नसेल आणि तीर्थयात्राही नसेल, तर गटात शिरल्याशिवाय सरळ वाट नाही.

गट का चालतो? कारण सरकारला अनोळखी माणसापेक्षा यादी परवडते. गट म्हटला की नावांची यादी आधी हातात येते, मार्ग ठरलेला असतो, मुक्काम ठरलेले असतात, एक म्होरक्या असतो आणि आलेली सगळी माणसं परत जातील याची हमी घेणारी एक संस्था असते. २०१२ च्या करारात गट-पर्यटन व्हिसा असा नवा प्रकार घातला गेला. गटात कमीत कमी १०, जास्तीत जास्त ५० माणसं, मान्यताप्राप्त टूर कंपनीमार्फत, मुदत ३० दिवस. त्यात शाळा-कॉलेजच्या मुलांचे गटही धरले होते. मार्च २०१३ पासून तो लागू व्हायचा होता. पण त्या जानेवारीत नियंत्रण रेषेवर आपल्या जवानाचा शिरच्छेद झाला, मार्चमध्ये श्रीनगरला हल्ला झाला, आणि ही योजना ठरल्या दिवशी सुरू झाली नाही. या विषयाचा इतिहास वाचताना हे पुन्हा पुन्हा होतं. दार उघडायची तारीख ठरते आणि त्याच्या आसपास कुठेतरी रक्त सांडतं.

याच्या उलट एक व्यवस्था मात्र चिवट निघाली, ती यात्रेकरूंच्या जथ्यांची. १९७१ च्या युद्धाला तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १४ सप्टेंबर १९७४ ला, दोन्ही देशांनी धार्मिक स्थळांच्या भेटींबद्दल एक करार केला. तिकडे ननकाना साहिब, हसन अब्दालचं पंजा साहिब, लाहोरची महाराजा रणजितसिंहांची समाधी, चकवालजवळचं कटासराजचं देऊळ. इकडे दिल्लीतला निजामुद्दीन औलियांचा दर्गा आणि अजमेर, सरहिंद, कलियर इथले दर्गे. वर्षातून ठरलेल्या प्रसंगी ठरलेल्या संख्येनं जथे जातात. बैसाखीच्या जथ्याची मर्यादा ३,००० ची. शीख जथ्यांसाठी इकडून नावं गोळा करण्यात अमृतसरची शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी पुढे असते. तिकडे पाहुणचाराची जबाबदारी इव्हॅक्यू ट्रस्ट प्रॉपर्टी बोर्डाकडे. फाळणीत माणसं निघून गेली, त्यांची देवळं, गुरुद्वारे, जमिनी मागे राहिल्या. त्यांची व्यवस्था बघणारं हे मंडळ.

हीच वाट का टिकली? मला वाटतं, याचं कारण भाविकाला 'तिथेच का जायचंय' हे पटवून द्यावं लागत नाही. नानकांचा जन्म ननकानालाच झाला, दुसरीकडे कुठे नाही. आणि देवाच्या दारात जाणाऱ्याला अडवलं हा बोल कुठल्याच सरकारला आपल्या माथी नको असतो. सांस्कृतिक गटाला हे कवच नसतं. नाटकवाले, गायक, शिक्षक, शाळकरी मुलं 'नंतर गेली तरी चालतील' असं सहज म्हणता येतं.

मे २०१७ मध्ये नेमकं तेच झालं. पाकिस्तानातून सुमारे ५० शाळकरी मुलं दिल्लीत आली होती. आधी कित्येक महिने त्यांनी भारतातल्या मुलांशी पत्रव्यवहार केला होता; हातानं लिहिलेली पत्रं, चित्रं. आता ती प्रत्यक्ष भेटणार होती, ताजमहाल बघणार होती. त्याच सुमारास नियंत्रण रेषेवर दोन भारतीय जवानांना मारून त्यांच्या मृतदेहांची विटंबना झाल्याची बातमी आली. ही वेळ योग्य नाही, असं सरकारकडून आयोजकांना कळवलं गेलं आणि मुलांना दोन दिवसांत परत पाठवावं लागलं. सरकारचं म्हणणं मी समजू शकते. देशभर संताप होता, मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. तरीही, बॅग न उघडताच परत निघालेल्या त्या पोरांचा विचार मनातून जात नाही.

आता मुख्य प्रश्न. जाऊन-भेटून मत बदलतं का?

१९५४ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एक मुद्दा मांडला, आणि आज सत्तर वर्षांनीही या विषयातली चर्चा त्याच्याभोवतीच फिरते. नुसतं एकत्र येऊन पूर्वग्रह जात नाहीत, उलट वाढूही शकतात, असं त्याचं म्हणणं. भेटीचा उपयोग व्हायचा तर चार गोष्टी लागतात. भेटणारे बरोबरीच्या नात्यानं भेटले पाहिजेत, एक मालक आणि एक नोकर असं नव्हे. दोघांना मिळून काहीतरी साधायचं असलं पाहिजे. ते साधायला एकमेकांची मदत लागली पाहिजे. आणि वरच्यांचा, म्हणजे सरकारचा, संस्थेचा, घरातल्या मोठ्यांचा त्याला पाठिंबा असला पाहिजे. २००६ मध्ये दोन संशोधकांनी तोवर झालेले ५१५ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की संपर्कानं पूर्वग्रह बऱ्यापैकी कमी होतो, आणि या चार गोष्टी असतील तर आणखी कमी होतो.

यावर कुणीही हुशार वाचक लगेच म्हणेल, "अहो, पण जाणारे मुळातच मवाळ असणार ना? ज्याला तिकडचा राग आहे तो कशाला जाईल?" बरोबर आहे. अशा दौऱ्यांचं कौतुक करणाऱ्या बऱ्याच लेखांची लंगडी बाजू तीच. पण याचं उत्तर शोधायची एक छान संधी संशोधकांना पाकिस्तानातच सापडली. हजच्या सरकारी योजनेतून जाणाऱ्यांची निवड तिथे तेव्हा सोडतीनं होत असे. म्हणजे अर्ज करणारे सगळे सारख्याच मनाचे; काहींची चिठ्ठी निघाली, काहींची नाही. २००६ च्या सोडतीतल्या १,६०० हून जास्त अर्जदारांना, हजची माणसं परत येऊन काही महिने झाल्यावर, प्रश्न विचारले गेले. जे जाऊन आले होते त्यांच्या मनात इतर देशांच्या, इतर पंथांच्या लोकांबद्दल जास्त आपलेपणा होता. मुलींच्या शिक्षणाकडे बघण्याची त्यांची नजर जास्त मोकळी होती, आणि इतर धर्मीयांबरोबर सलोख्यानं राहण्यावर त्यांचा जास्त विश्वास होता. जगभरच्या माणसांबरोबर, बायका-पुरुषांबरोबर, महिनाभर चालल्या-बसल्यानं हे झालं असावं असं संशोधकांचं अनुमान. गर्दीत अनोळखी माणसाला 'माउली' म्हणत पुढे सरकणारी दिंडी ज्यानं आतून पाहिली आहे, त्याला यात फार नवल वाटणार नाही.

दुसरा अभ्यास उत्तर प्रदेशातला, आणि माझ्या मते गटाचा दौरा आखणाऱ्या प्रत्येकानं वाचावा असा. १,२६१ तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. काही संघांत वेगवेगळ्या जातींची मुलं मिसळली, काही संघ एकाच जातीचे ठेवले. एका संघात राहून महिनाभर खेळलेल्या मुलांमध्ये जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या. पण दुसऱ्या जातीची मुलं फक्त समोरच्या संघात, म्हणजे प्रतिस्पर्धी म्हणून भेटली, तिथे परिणाम उलट्या दिशेनं गेला. भेट दोन्हीकडे झाली होती. फरक एवढाच की एकीकडे खांद्याला खांदा होता आणि दुसरीकडे समोरासमोर ठाकणं होतं.

तिसरा अभ्यास इराकमधला, आणि तो जमिनीवर आणणारा आहे. विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. संघातल्या संघात वागणूक बदलली. ख्रिस्ती खेळाडू आपल्या मुस्लिम साथीदारांबरोबर पुढेही सराव करत राहिले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलचं वागणं फारसं बदललं नाही. 'आमचा अमुक चांगला आहे हो' इथवर माणूस येतो. 'ते लोक' इथवर जायला एक मोसम पुरत नाही.

हे तिन्ही अभ्यास एकत्र ठेवून एखाद्या दौऱ्याकडे बघा. बसमधून उतरले, स्वागताचे हार झाले, भाषणं झाली, किल्ला बघितला, बाजारात खरेदी झाली, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम, यजमान व्यासपीठावर आणि पाहुणे खुर्च्यांवर. मग फोटो. यात बरोबरी आहे, पण एकत्र काम कुठे आहे? अशा दौऱ्यात गटातली माणसं एकमेकांचीच जास्त जवळची होतात. परत येताना बसमध्ये नवीन मैत्र्या झालेल्या असतात त्या ठाणे आणि पुणे यांच्यातल्या. याउलट दोन्हीकडच्या नटांनी मिळून एक नाटक बसवलं, दोन्हीकडच्या शिक्षकांनी बसून एका प्रकरणाचा धडा लिहिला, किंवा नुसता एका स्वयंपाकघरात शंभर माणसांचा स्वयंपाक केला, तरी चित्र बदलतं. कोथिंबीर कुणी निवडायची यावरून वाद व्हायला लागले की समजावं, पाहुणेपण संपलं.

२००४ ची क्रिकेट मालिका अनेकांना आठवत असेल. वाजपेयींनी संघाला निरोप देताना लिहिलं होतं, "खेल ही नहीं, दिल भी जीतिए." हजारो भारतीय प्रेक्षकांना व्हिसा मिळाले, आणि लाहोरचे दुकानदार पैसे घ्यायला तयार नव्हते अशा बातम्या तेव्हा येत होत्या. वरवर हे उत्तर प्रदेशातल्या प्रयोगाच्या विरुद्ध वाटतं, सामना तर समोरासमोरचाच होता. पण प्रेक्षक काही खेळत नव्हते, ते घरी आलेले पाहुणे होते. पुढच्या वर्षी मोहालीच्या सामन्यासाठी पाकिस्तानी प्रेक्षक आले तेव्हा चंदीगडच्या लोकांनी त्यांना आपल्या घरात उतरवून घेतलं. हॉटेलात राहिलेल्या माणसाला शहर दिसतं. घरात राहिलेल्याला सकाळी पाणी किती वाजता येतं, आजीच्या गोळ्या कोण देतं, मुलाला शाळेत जायचा कंटाळा कसा येतो हे दिसतं.

आपल्याकडच्या माणसांनी या कामात घातलेली भर फारशी बोलली जात नाही, म्हणून इथे जरा थांबते. निर्मलाताई देशपांडे मूळच्या नागपूरच्या, साहित्यिक पु. य. देशपांडे यांच्या कन्या. विनोबांच्या भूदान यात्रेत त्या देशभर पायी फिरल्या. कारगिलचं युद्ध १९९९ च्या उन्हाळ्यात झालं, डिसेंबरात विमानाचं अपहरण झालं, आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च २००० मध्ये, निर्मलाताई बायकांची एक बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. त्या वेळचं वातावरण ज्यांना आठवतं त्यांना यातलं धाडस कळेल. त्याच वर्षी पाकिस्तानातल्या वकील अस्मा जहांगीर तिकडच्या बायकांना घेऊन दिल्लीला आल्या. ही परतभेट मला पहिल्या भेटीइतकीच मोलाची वाटते. आपल्याकडे जेवायला बोलावल्यावर पुढच्या खेपेला त्यांच्याकडे जायचं असतं, त्याशिवाय घरोबा होत नाही. २००८ मध्ये निर्मलाताई गेल्या. पाकिस्ताननं त्यांना मरणोत्तर सितारा-ए-इम्तियाज हा सन्मान दिला.

दुसरे ॲडमिरल रामदास. १९९० ते १९९३ या काळात आपले नौदलप्रमुख, निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहून शेती करणारे. १९७१ च्या युद्धात लढलेला हा अधिकारी पुढे भारत-पाकिस्तान लोकमंचाच्या कामात पडला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या मंचाची अधिवेशनं आलटून-पालटून दोन्ही देशांत भरत. शेकडो माणसं सीमा ओलांडून जात. २००४ मध्ये रामदास आणि पाकिस्तानचे पत्रकार आय. ए. रहमान यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'अशा संमेलनांतून निघतं काय?' असं विचारणाऱ्याला मी कोळ्यांचं उदाहरण देते. समुद्रात सीमेची रेघ दिसत नाही. गुजरातच्या, आपल्या पालघरच्या बोटी मासळीमागे जातात आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात पडतात. तिकडचे आपल्या तुरुंगात. कुणाच्या घरी निरोप पोहोचवायचा, कुठल्या वकिलाला गाठायचं, कुणाची शिक्षा संपूनही सुटका झालेली नाही, हे सगळं अशा ओळखींच्या जोरावर चालत आलं आहे. फोन उचलणारं माणूस पलीकडे असावं लागतं, आणि ते कधीतरी समोरासमोर भेटलेलं असावं लागतं.

जगात दुसरीकडे काय झालं? फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीन मोठी युद्धं लढले. १९५० मध्येच माँबेल्यार आणि लुडविग्सबुर्ग या दोन गावांनी जोडगाव म्हणून नातं जोडलं. गावं एकमेकांकडे बसा भरभरून जायला लागली. १९६३ मध्ये दोन्ही सरकारांनी एलिझे करार केला आणि त्यातून एक संयुक्त युवा कार्यालय काढलं. दोन्ही देश त्याला पैसे देतात. आजवर ९० लाखांहून जास्त तरुणांनी त्याच्या उपक्रमांत भाग घेतला आहे. तिथे दौरा कुणा एका ध्येयवेड्या माणसावर अवलंबून नाही, सरकारी अंदाजपत्रकात त्याची ओळ आहे. अर्थात युद्ध संपलेलं होतं, एका बाजूचा पराभव स्पष्ट होता आणि दोघांनाही एकत्र यायची गरज होती. आपल्या परिस्थितीशी त्याची सरळ तुलना होत नाही.

क्यूबा आणि अमेरिकेची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. अमेरिकन कायद्यात क्यूबाला नुसतं मौजमजेसाठी जायला बंदी आहे. म्हणून 'पीपल-टू-पीपल' नावाची सोय काढली. संस्थेमार्फत गटानं जायचं आणि दिवसभराचा कार्यक्रम क्यूबन लोकांना भेटण्या-शिकण्याचा असला पाहिजे. समुद्रकिनाऱ्यावर लोळण्याला त्यात जागा नाही. क्लिंटन यांनी १९९९ मध्ये हे दार उघडलं, बुश यांनी २००३ मध्ये लावलं, ओबामांनी २०११ मध्ये उघडलं, ट्रम्प यांनी २०१९ मध्ये गटांसाठीही बंद केलं, बायडन यांनी २०२२ मध्ये गटांसाठी पुन्हा उघडलं. पाच राष्ट्राध्यक्ष, पाच वेळा कडी वर-खाली. हवानात अशा पाहुण्यांच्या भरवशावर खानावळ किंवा घरगुती खोल्या काढणाऱ्या माणसानं काय करायचं?

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर ९ नोव्हेंबर २०१९ ला मिळालं. त्या दिवशी करतारपूर कॉरिडॉर सुरू झाला. व्हिसा नाही, पासपोर्ट आणि ऑनलाइन नोंदणीवर परवानगी, दिवसाला ५,००० यात्रेकरूंपर्यंत, कुठल्याही धर्माचे भारतीय, सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत. पाकिस्तान माणशी २० डॉलर घेणार. मग कोविड आला, मार्च २०२० मध्ये दार बंद. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडलं. जानेवारी २०२३ मध्ये, संक्रांत झाल्यावर, मावशी अठरा जणांच्या गटाबरोबर सचखंड एक्सप्रेसनं परभणीहून अमृतसरला गेली. त्याआधी पोलीस घरी चौकशीला येऊन गेले होते, आणि गल्लीत दोन दिवस त्याचीच चर्चा होती. सामान जास्तीत जास्त सात किलो. टर्मिनलवर सत्तरीतल्या या बाईला पोलिओचे दोन थेंब पाजले. हे सांगताना ती अजून हसते.

तिथलं तिनं जे सांगितलं ते मला सगळ्या अभ्यासांइतकंच महत्त्वाचं वाटतं. करतारपूरची रचनाच अशी आहे की भारतातले यात्रेकरू आणि पाकिस्तानातून आलेली माणसं एकाच आवारात वावरतात. १९४७ मध्ये ताटातूट झालेली भावंडं तिथे सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी भेटली आहेत, ती यामुळेच. व्हिसा लागत नाही, यजमानाचं पत्र लागत नाही. लंगरच्या पंगतीत मावशीच्या शेजारी पाकिस्तानातल्या नारोवालची एक बाई बसली होती. निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूत असायचं, मावशीचे वडील तशाच शाळेत शिकलेले, त्यामुळे तिच्या हिंदीत उर्दू शब्द सहज येतात. त्या बाईला नवल वाटलं. दोघी बोलायला लागल्या. सुना, गुडघे, गव्हाचा भाव. मग त्या बाईनं विचारलं, "तुमच्याकडे मुसलमान आहेत का?" मावशी म्हणाली, "आहेत की, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मशीद आहे." आणि मावशीनं विचारलं, "तुमच्या गावात हिंदू?"

"थे," ती म्हणाली.

मग दोघी काही वेळ नुसत्या जेवत राहिल्या. निघताना मावशीनं संक्रांतीच्या वाणातली उरलेली स्टीलची डबी तिच्या हातात ठेवली. तिनं आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून दिल्या.

अशा दौऱ्यांहून परतलेली माणसं बहुतेकदा सांगतात, "अहो, ती अगदी आपल्यासारखीच आहेत." मला हे वाक्य अपुरं वाटतं. जेवण, गाणी, शिव्या सारख्या आहेत हे खरं. पण आपण ६ सप्टेंबर हा दिवस विसरून गेलो आहोत आणि ते तो संरक्षण दिन म्हणून पाळतात. १९६५ चं युद्ध आपण जिंकलो असं दोन्हीकडच्या मुलांना शिकवलं जातं. फाळणीबद्दल ते बोलतात तेव्हा त्यांच्यासाठी ती देशाचा जन्म असते आणि आपल्यासाठी देशाचे तुकडे. हे वेगळेपण ताटावर बसून ऐकून घेणं, तोडून न टाकता ऐकून घेणं, हा दौऱ्याचा खरा अभ्यास. 'सारखेच आहोत'वर थांबलेली मैत्री पहिल्या वाईट बातमीला मोडते. मावशी त्या एका 'थे'मधून जे शिकली ते सारखेपणातून शिकली नसती.

आणि वाईट बातमी येतेच. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं गेलं. त्यात आपल्या डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची माणसं होती. त्या घरांतल्या कुणालाही जाऊन 'तिकडची सामान्य माणसं चांगली असतात' असं कुणी सांगू नये. तो त्यांच्या दुःखाचा अपमान आहे. मी हा लेख लिहिताना ती घरं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. माझं म्हणणं एवढंच की हल्ला करणाऱ्यांना जाब विचारणं हे सरकारचं आणि सैन्याचं काम, आणि नारोवालच्या त्या बाईशी ओळख ठेवणं हे आपलं. दोन्ही एकाच वेळी करता येतं. १९९९ मध्ये कारगिल चालू असतानाही दिल्ली-लाहोर बस धावत होती.

हल्ल्यानंतर अटारीची चौकी बंद झाली, व्हिसा रद्द झाले, आणि ७ मे २०२५ पासून भारतानं करतारपूरची वाटही थांबवली. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात, नानकांच्या प्रकाशपर्वाला, सुमारे २,१०० यात्रेकरूंना व्हिसा मिळाले आणि जथा ननकाना साहिबला जाऊन आला. १९७४ चा तो करार अजून तग धरून आहे.

कधी पुन्हा गट जायला लागले, तर मराठी माणसानं लाहोरबरोबर कराचीचाही विचार करावा असं मला मनापासून वाटतं. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीत १८५५ मध्ये सुरू झालेली एन. जे. व्ही. शाळा आजही चालू आहे; ती अक्षरं नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची. आणि तिथे आजही मराठी बोलणारी काही घरं आहेत, ती गणपती बसवतात. शिक्षकांचा एक गट त्या शाळेत जाऊन तिथल्या शिक्षकांबरोबर आठवडाभर एकच वर्ग शिकवतोय, असा दौरा आखता येईल. पुढच्या वर्षी ते इकडे येतील, आपल्या घरी राहतील. तोवर पत्रं सुरू करता येतील. पत्राला व्हिसा लागत नाही.

गेल्या महिन्यात परभणीला गेले होते. मावशीच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे. तिनं नूतनीकरणाचा अर्ज भरून ठेवला होता, फोटो लावायचा राहिला होता. शेजारच्या मुलाला बोलावून फोटो काढून घेतला. त्या दोन बांगड्या हातात होत्या.